धोट्याला एक वाचक पाहिजे

संगमनेर,
ता. १ सप्टेंबर १९७०

मोहियोद्दीनभाई मोमीन यांस, मुक्काम कोल्हार, सहादेव दिवटे याचा नमस्कार.

पत्र कार्डावर न लिहिता पाकिटात घालतो आहे, कारण मजकूर पोस्टमनने वाचण्यासारखा नाही. तसा तो वाचत नसेलच. पण वाचला तर?

काल पोळ्याची अमावस्या. माग बंद, म्हणून नेहमीप्रमाणे विणकर सोसायटीची बैठक झाली. तुम्ही मुलीकडे कोल्हारला गेल्यापासून सोसायटीत बरीच उलथापालथ झाली आहे. नवे चेअरमन गोरक्ष भागवत. मागाच्या फण्या करणाऱ्या आपल्या भागवतांचा मुलगा, तोच. पुण्याहून बी.कॉम. होऊन आला आहे. त्याने आपल्या मासिकाचा, धोट्याचा, ताजा अंक दोन बोटांत धरून वर केला. उंदीर शेपटीने उचलावा तसा. आणि सगळ्यांदेखत मला विचारले, "काका, हा धोटा वीस वर्षं निघतोय. सोसायटी कागद देते, छपाईचं बघते. पण हा वाचतं कोण?"

मी म्हटले, "सगळेच विणकर वाचतात."

"एक दाखवा."

मी मागे वळून पाहिले. मागे सगळे वर्गणीदार बसले होते. कोणी टोपी नीट करीत होता, कोणी चपलेचा अंगठा तपासत होता. गनीभाई तर छताकडे असे बघत होते की मला वाटले छत पडते आहे. मीही वर पाहिले.

मग गोरक्ष म्हणाला, "दसऱ्यानंतर अठरा तारखेला सभा आहे. त्या सभेत एक वाचक उभा करा. त्यानं अंक वाचलेला पाहिजे, आणि काय वाचलं ते सांगता आलं पाहिजे. तसा कुणी निघाला नाही तर दिवाळीचा अंक शेवटचा. त्या अंकात धोट्याचा इतिहास एका पानात लिहून टाका, म्हणजे शेवट तरी नीट होईल."

मुलगा वाईट नाही. बोलताना मला काका म्हणत होता. पण घरी आल्यावर पुरणपोळी समोर आली, ती मी तशीच बाजूला सारली.

तर दोन गोष्टी तुमच्याकडे मागतो. एक, इतिहास लिहायचा तर पहिला अंक समोर पाहिजे. माझ्याकडे एकही प्रत नाही. पेटी उपसली, माळा उपसला. माळ्यावर चढताना आमची छबूबाई खालून म्हणाली, "पडलात तर तुमचा बी इतिहासच व्हईल." तुमच्याकडे एक प्रत असणार असे माझे मन सांगते. माझे मन बहुतेक वेळा चुकते, तरी सांगते. शिवाय मासिकाचे नाव कोणी ठेवले? मला आठवते की मी ठेवले. मधूनच असेही आठवते की तुम्ही ठेवले. हे छापण्याआधी मिटले पाहिजे, नाहीतर लोक हसतील.

दुसरी गोष्ट, तुम्हीच वाचक म्हणून उभे राहा. धोटा आपण दोघांनी काढला. तुम्ही नाही वाचला तर कोणी वाचला? माझी शाळा चौथीपर्यंत, सगळे आयुष्य मागाच्या खटखटीत गेले; महिन्यातून एकदा चार पाने लिहून अमावस्येला अंक काढतो, तेवढ्यापुरता मी शहाणा असल्याचे मला वाटते. तेही गेले तर मी अमावस्येला काय करू?

पत्र मिळताच कळवा. मिळाले नाही तरी कळवा.

तुमचा,
सहादेव


कोल्हार,
ता. ७ सप्टेंबर १९७०

संपादकसाहेब, सलाम.

पत्र पोहोचलं. पाकीट तुम्ही इतक्या खळीनं चिकटवलं होतं की उघडताना थोडा मजकूर पाकिटालाच राहिला. तरी चिंता सगळी पोहोचली.

पहिला अंक माझ्याकडे आहे. पण देता येत नाही. तो बीमात आहे.

तुम्ही स्वतः विणकर, तुम्हाला हे मी समजावायचं म्हणजे हसू येतं. ताणा, म्हणजे उभे धागे, बीमाच्या जाड लाकडी रुळावर गुंडाळताना थरांच्या मध्ये कागद घालावा लागतो. तो नसला तर वरचे धागे खालच्या थरात रुतून बसतात. आधी आपण वर्तमानपत्र घालायचो. त्याची शाई सुताला लागायची, पांढरं लुगडं बातम्यांनी काळं व्हायचं. मग धोटा निघाला. जाड कागद, पक्की शाई, आणि घडी उलगडली की बरोबर बीमात बसेल असा आकार. बायकांनी पहिल्याच महिन्यात हेरलं. तेव्हापासून तुमचा प्रत्येक अंक बीमात जातो. विणत गेलं की ताणा सुटतो, एकेक अंक मागे खाली पडतो, तो उचलून पुढच्या ताण्यात घालायचा. वीस वर्षं तुमचे विचार असे फिरताहेत. मला वाटलं होतं तुम्हाला ठाऊक आहे आणि म्हणूनच तुम्ही आकार तसा ठेवलात. मी मनातल्या मनात किती वेळा तुमच्या अकलेची तारीफ केली!

पण आता आठवतं, तुमच्या घरी बीम भरायचा दिवस आला की तुम्ही मजकूर घेऊन छापखान्यात बसलेले असायचा. बीम भरायच्या छबूवहिनी आणि शेजारणी. म्हणजे खरंच ठाऊक नव्हतं?

वाचक म्हणून मी चालणार नाही. तुम्ही छापायच्या आधी प्रत्येक अंक मला चहाच्या दुकानात बसवून वाचून दाखवायचा. कप गार व्हायचा. ऐकलेलं पुन्हा वाचायला मी काय परीक्षेला बसलो होतो?

आणि नाव मी ठेवलं, सुताची कांडी पोटात घेऊन मागावर इकडून तिकडे धावणाऱ्या धोट्यावरून. तुम्ही 'वस्त्रोद्धारक' ठेवणार होता. त्यावर मी काय म्हणालो ते इथे लिहीत नाही, माझी मुलगी शमशाद हे पत्र टपालात टाकायला नेणार आहे आणि ती वाचते.

माझा माग इथे तिच्या पडवीत उभा आहे. संगमनेरहून मोडून आणला तेव्हा बीम ताण्यासकट जसाच्या तसा आणला. त्याला दोन वर्षं झाली, विणायचा राहिला आहे. का राहिला विचारू नका, गुडघे दुखतात असं समजा. ताणा आपल्यात कापत नाहीत, आणि उलटा उलगडला तर गुंता होतो. पहिला अंक सगळ्यात आतल्या थरात आहे. असू द्या तिथे.

मोहियोद्दीन


संगमनेर,
ता. १४ सप्टेंबर १९७०

मोहियोद्दीनभाई,

तुमचे पत्र वाचून मी चार दिवस घराबाहेर पडलो नाही. पाचव्या दिवशी पडलो. तुम्ही माझी थट्टा केली असेल अशी आशा होती. थट्टा करण्याची तुम्हाला सवय आहे.

पहिल्यांदा गनीभाईंकडे गेलो. ते मागावर होते. मी सहज विचारल्यासारखे केले, "गनीभाई, धोटा मिळतो ना वेळेवर?"

"मिळतो की. लई कामाचा हाय."

माझा जीव भांड्यात पडला. मी म्हटले, "कोणता भाग जास्त आवडतो?"

त्यांनी माग थांबवला. विचार करून म्हणाले, "सगळाच. पन मधली घडी जरा बारीक पाडा, तिथं वळ उठतो."

मग मच्छिंद्राकडे गेलो. तो म्हणाला, "आवो काका, बरं झालं आलात. दोन बोटं रुंद करता येईल का? कडंचे धागे उघडे पडत्यात." मी विचारले, "मच्छिंद्रा, तू वाचतोस का रे?" तो इतका दचकला की मला त्याचीच दया आली. म्हणाला, "काका, आमी त्यो खराब न्हाई करत. हातबी लावत न्हाई. सरळ बीमात."

मोहियोद्दीनभाई, त्याने हे मोठ्या आदराने सांगितले. म्हणून जास्त लागले.

घरी आलो आणि आयुष्यात पहिल्यांदा आपल्याच मागाच्या मागे जाऊन वाकून पाहिले. बीमाच्या कडेने माझा अग्रलेख डोकावत होता. 'विणकरा, जागा हो.' त्याच्यावर ताण्याचे सगळे धागे ताणून बसलेले. मी छबूबाईला हाक मारली आणि बोट दाखवले. ती म्हणाली, "मग? चांगलं सरळ बसलंय."

"तुला ठाऊक होतं?"

"मीच घालते. मला ठाऊक नसंल तर कुनाला?"

"वीस वर्षं सांगितलं का नाहीस?"

"तुमी कवा इचारलं? अन् सांगितलं असतं तर तुमी कागद पातळ केला असता, रागानं."

हे मात्र खरे आहे. मी केला असता.

आता रडून उपयोग नाही. वाचक मिळत नाही, निदान इतिहास तरी खरा लिहावा. त्यासाठी पहिला अंक पाहिजे, आणि तो विणल्याशिवाय निघत नाही. तेव्हा तुम्ही विणा. गुडघ्यांसाठी निर्गुडीचा पाला तेलात कढवून बाटली पाठवतो आहे. एसटीच्या कंडक्टरकडे दिली आहे, तो तुमच्याजवळच्या लोणी गावच्या थांब्यावर उतरवून देईन म्हणाला. बाटलीला बूच घट्ट आहे, पण कंडक्टरचा भरवसा नाही. रोज थोडे थोडे विणले तरी दसऱ्यापर्यंत होईल. एवढी मोठी गोष्ट मागतो आहे असे मला वाटत नाही. माणूस दोन वर्षे नुसता गुडघे धरून बसतो याचेच मला नवल वाटते. आळस वाढतो, मोहियोद्दीनभाई. माझ्याही अंगात तो आहे, म्हणून बोलतो.

तुम्हाला जमत नसेल तर मी स्वतः येऊन विणतो.

सहादेव

ता. क. 'वस्त्रोद्धारक' वाईट नव्हते.


कोल्हार,
ता. २६ सप्टेंबर १९७०

संपादकसाहेब,

येऊ नका. तुमच्या हाताची वीण मला ठाऊक आहे. त्यातून गहू चाळता येतात. मी स्वतः बसलो आहे.

बाटली पोहोचली. तेल चांगलं आहे, शमशादच्या सासूच्या गुडघ्यांना फार उपयोग झाला. माझे गुडघे ठणठणीत आहेत. आता पत्रात आळसाचं लिहिलंत म्हणून सांगतो, नाहीतर सांगितलं नसतं. या ताण्यासाठी आडव्या सुताच्या कांड्या अख्तरीनं भरल्या होत्या. टोपलीभर. अर्ध्याही संपल्या नव्हत्या आणि ती गेली. एकेक कांडी मागाच्या धोट्यात घालायची आणि रिकामी करून टाकायची, ते माझ्यानं होईना. म्हणून टोपली झाकून ठेवली होती. तुमचं पत्र शमशादनं वाचलं. मी सांगितलं होतंच, ती वाचते. टोपली उचलून माझ्यापुढे ठेवली आणि म्हणाली, "अब्बा, अम्मीनं विणायला भरल्या होत्या. ठेवायला नाही."

तर विणतो आहे. आळसाबद्दल तुम्ही माफी मागण्यात चार पानं घालाल, ती घालू नका. पुढे वाचा, माफी मागायला दुसरं कारण आहे.

चौथ्या दिवशी पहिला कागद खाली पडला. क्रम काही नाही, अख्तरीच्या हाताला जो आला तो तिनं घातला होता. हा निघाला अठ्ठावन्न सालच्या आषाढाचा. शमशाद मागाशेजारी बसून मोठ्यानं वाचायला लागली. मी विणत ऐकत होतो. सुताला लावायच्या खळीत एरंडेल घालावं की खोबरेल, यावर तुम्ही पानभर लिहिलंय आणि शेवटी 'ज्याने त्याने ठरवावे' म्हणून मोकळे झालात. असू द्या. पण तिसऱ्या पानावर काय लिहिलंय? शमशादनं वाचलं ते जसंच्या तसं देतो:

'काही मंडळी विणताना मागाची फणी इतक्या जोरात ठोकतात की लुगडे घोंगडीसारखे घट्ट होते. नेसणाऱ्या बाईला ते उभे करून ठेवता येईल. नाव घेणे बरे नाही. मात्र त्यांचा माग मशिदीशेजारच्या बोळात डाव्या हाताला तिसरा आहे.'

मशिदीशेजारच्या बोळात डाव्या हाताला तिसरा माग कुणाचा होता, सहादेवराव? त्या बोळात जन्म गेला माझा. आणि हे तुम्ही मला चहाच्या दुकानात वाचून दाखवलं नव्हतं! एरंडेलाचं दाखवलं, पाऊसपाण्याचं दाखवलं, हे तेवढं गिळलंत. बारा वर्षं हे मीच माझ्या बीमात गुंडाळतोय, त्यावर माझाच ताणा चढवतोय!

शमशाद हसत होती. मी तिला म्हटलं, हसू नकोस, पुढचा कागद कधी पडतो ते बघ. त्या दिवशी मी अंधार पडेपर्यंत उठलो नाही. आणखी काय काय लिहून ठेवलंय ते मला बघायचं आहे.

तुमच्यावर फार रागावलेला,
मोहियोद्दीन


संगमनेर,
ता. १ ऑक्टोबर १९७०

मोहियोद्दीनभाई,

काल सर्वपित्री अमावस्या होती. तुमचे पत्र सकाळी मिळाले आणि दिवसभर मी काय केले ते मला सांगता येणार नाही. छबूबाई म्हणते की मी मागाभोवती फेऱ्या घालत होतो.

अख्तरीभाभींच्या कांड्यांचे मला कळले नव्हते. मी गुडघे समजलो. तुम्ही माफी नको म्हणालात म्हणून मागत नाही, पण ती माझ्याकडे आहे, लागेल तेव्हा घ्या.

आता तिसऱ्या मागाचे. तेव्हा मला तसे वाटले होते आणि समोर सांगण्याची हिंमत नव्हती. छापले तर तुम्ही वाचाल आणि आपोआप कळेल, असा माझा विचार होता. तुम्ही पुढच्या महिन्यात काहीच बोलला नाहीत. मला वाटले, मोठ्या मनाने सोडून दिले. मीच घरी म्हणालो होतो की मोहियोद्दीनभाईंचे मन समुद्र आहे. छबूबाई आता म्हणते, समुद्र न्हवं, बीम हुता.

पण एक गोष्ट ध्यानात येते आहे का? तुम्ही रागावलात. म्हणजे तुम्ही वाचले! शमशादने वाचले आणि तुम्ही ऐकले हे खरे, पण गोरक्षला ते चालेल. तुम्ही वाचक झालात! वीस वर्षांतला पहिला! आता कृपा करून अठरा तारखेपर्यंत रागावलेले राहा. थंड होऊ नका. तुमचा स्वभाव मला ठाऊक आहे, एक चांगला चहा मिळाला की तुम्ही सगळे विसरता. शमशादला सांगा, चहा बेताचा कर.

सभेला स्वतः या. येऊन सगळ्यांपुढे माझ्यावर ओरडा. कितीही ओरडलात तरी मी मनावर घेणार नाही. थोडे घेईन.

आणि बावन्न सालचा माघातला अंक खाली पडला तर तो शमशादकडून वाचून घेऊ नका. त्यात तुमच्या गाण्याबद्दल आहे.

सहादेव


कोल्हार,
ता. १३ ऑक्टोबर १९७०

संपादकसाहेब,

बावन्नचा माघ पडला. वाचून घेतला. राग टिकेल का याची काळजी करू नका.

सभेला येत नाही. ताणा शेवटच्या हातांवर आला आहे, आता मधेच उठलो तर पुन्हा बसेन की नाही याचा भरवसा नाही. त्याऐवजी गोरक्षच्या सभेत वाचायला वेगळा कागद सोबत ठेवला आहे. त्यात तुम्हाला जे म्हणायचं ते म्हटलं आहे. सभेत उघडा, आधी उघडून दुरुस्त्या करत बसू नका.

काल पहिला अंक निघाला. अख्तरी प्रत्येक ताण्याला तो आधी घालायची, बाकीचे मागून. एवढा फिरून कागद कापडासारखा मऊ झालाय. पण सहादेवराव, तुमचं काम होणार नाही. तो एकटा अंक पुढच्या अंकांपेक्षा थोडा लांब होता. तिनं वरची पट्टी कात्रीनं कापून टाकली आहे, सरळ, एक धागा इकडे तिकडे नाही. मासिकाचं नाव कुणी सुचवलं, संपादक कोण, सगळं त्या पट्टीत होतं. आता ते फक्त तिला ठाऊक.

मी तो कापलेला कागद बराच वेळ हातात घेऊन बसलो होतो. इतिहासात काय लिहायचं ते तुम्ही ठरवा. माझ्या मतानं, नाव मीच ठेवलं.

मोहियोद्दीन


संगमनेर,
ता. १९ ऑक्टोबर १९७०

मोहियोद्दीनभाई,

सभा झाली. घाईत लिहितो आहे, अक्षर सांभाळून घ्या.

गोरक्षने सुरुवातीलाच विचारले, "काका, वाचक आणला?" मी तोंड उघडायच्या आत गनीभाई उठले. "चेअरमनसाहेब, धोटा बंद करायचा न्हाई. धोटा बंद झाला तर आमी ताणा कशावर गुंडाळायचा?" त्यांच्यामागे मच्छिंद्र उठला. मग सगळीकडून आवाज. "धोटा पायजे!" मोहियोद्दीनभाई, माझ्या डोळ्यांत पाणी आले. कशासाठी पाहिजे ते ठाऊक असूनही आले.

गोरक्ष हसला. म्हणाला, "एवढंच ना? मग छपाई कशाला? सोसायटी तुम्हाला कोरा जाड कागद देईल. दर महिन्याला. रुंदही देऊ."

आणि मग गनीभाई म्हणाले, "झ्याक!"

सगळे म्हणाले, झ्याक. मच्छिंद्राने टाळ्या वाजवल्या. मी तुमचा कागद खिशातून काढून गोरक्षपुढे धरला. माझ्या चष्म्यावर वाफ धरली होती, मला वाचता येत नव्हते. त्याने मोठ्यांदा वाचला.

'संपादक, धोटा यांस. आपल्या अठ्ठावन्नच्या आषाढ अंकात मी फणी जोरात ठोकतो असे आले आहे. बावन्नच्या माघ अंकात मी मागावर गातो तेव्हा शेजारच्या मागाची लय चुकते असे आले आहे. एकोणसाठच्या एका अंकात खळीचे प्रमाण दिले आहे, ते घातले तर सूत काठीसारखे होईल आणि धागा हसत हसत तुटेल. तीनही मजकूर मला कबूल नाहीत. खुलासा छापावा. मोहियोद्दीन मोमीन, वर्गणीदार.'

पहिल्यांदा मच्छिंद्र बोलला. "पन ठोकायचे की जोरात! बोळाच्या तोंडापोत्तर ऐकू यायचं."

गनीभाई भडकले. "कोन म्हनतं? त्यांचं लुगडं दहा वर्सं फाटत न्हवतं. तुजं पयल्या धुण्यात जाळी हुतं!"

"माजं? तुमच्या खळीनं अंगाला खाज सुटते, त्ये बोला!"

मग जे सुरू झाले ते मी सांगू शकत नाही. कधी तोंड न उघडणारी माणसे उठून बोलायला लागली. एरंडेल की खोबरेल यावर दोन भाऊ भांडले, ते एकाच घरात राहतात. छबूबाई बायकांच्या बाजूने उठून म्हणाली की खळ शिजवतात बायका आणि लिवतात बाप्ये, म्हणून हे असं हुतं. त्यात कोणीतरी ओरडले, "आमच्याबद्दल काय लिवलंय?" आणि सगळे माझ्याकडे पाहायला लागले. मी म्हटले, "आता काही आठवत नाही. तुमच्याच बीमात असेल."

गोरक्ष माझ्याकडे वाकला. हळूच म्हणाला, "काका, माझ्या वडिलांबद्दल काही?"

मला खोटे बोलता येत नाही. म्हटले, "आहे. त्यांच्या फण्यांच्या दातांबद्दल. एक वर्ष दात सरळ नव्हते."

"कोणत्या अंकात?"

"ते सांगता येणार नाही."

त्याने हातातला तुमचा कागद उलटसुलट करून पाहिला. मग म्हणाला, "कोऱ्या कागदाशी कुणी भांडणार नाही. चालू द्या. वर्षभर बघू." आणि उठताना म्हणाला, "तो दातांचा अंक कुणाला सापडला तर माझ्याकडे आणून द्या. बाबांना दाखवायचा नाही."

आज सकाळपासून बोळात माग नेहमीपेक्षा जोरात चालले आहेत. सगळ्यांना आपापल्या बीमातून काय पडते ते बघायचे आहे. मला भीती वाटते आहे.

तुम्ही केलेत ते मी विसरणार नाही. मी काही विसरत नाही, हाच माझा त्रास आहे.

सहादेव


संगमनेर,
ता. २७ ऑक्टोबर १९७०

मोहियोद्दीनभाई,

अंक उद्या छापायला गेला पाहिजे. शुक्रवारी दिवाळीची अमावस्या. तुमचा जुम्मा आणि आमची अमावस्या एकाच दिवशी, दोन्हीकडचे माग बंद, दोन्ही बोळ मोकळे. अंक काढायला याहून चांगला दिवस नाही, आणि माझ्याने ओळ लिहवत नाही.

वीस वर्षे मी बेधडक लिहीत होतो. आता लेखणी टेकवली की मच्छिंद्र दिसतो, पुढे लिहिले की गनीभाई दिसतात. परवा दोन पाने लिहिली आणि दोन्ही फाडली. छबूबाई म्हणाली, "फाडू नका, मागची बाजू कोरी हाय."

इतिहासाचे जमले. एका बाजूला 'नाव सहादेवने ठेवले' आणि दुसऱ्या बाजूला 'नाव मोहियोद्दीनने ठेवले' असे दोन उभे रकाने केले आहेत. दोन्हींची लांबी सारखी आहे, मी मोजून घेतली. खाली अख्तरीभाभींचे नाव घातले आहे. त्यांनी पहिला अंक वीस वर्षे सांभाळला असे लिहिले आहे. एवढी एकच ओळ मी न खोडता लिहिली.

पण तुमचा खुलासा अडला आहे. तुमच्या जोरात ठोकण्याची चूक झाली, तर ती कोणाची म्हणू? तुमचा दोष म्हटला तर तुम्ही चिडाल. फणीचा दोष म्हणावा, तर त्या वर्षी फणी भागवतांची, आणि गोरक्ष रुसेल. सुताचा दोष म्हणावा, तर सूत सोसायटीचे. ऐकणाऱ्याचा कान म्हणावा, तर कान माझे. रात्रभर विचार करून शेवटी लिहिले आहे की त्या वर्षी हवा दमट होती, त्यामुळे आवाज मोठा येत असे आणि लुगडे घट्ट होत असे. हवा कोणाच्या नात्यातली नाही.

अंक टपालाने पाठवतो. घडी बारीक पाडली आहे आणि दोन बोटे रुंद केला आहे. वाईट वाटून घेऊ नका, लोकांनी मागितले होते.

सहादेव


कोल्हार,
ता. ४ नोव्हेंबर १९७०

(कार्ड)

संपादक, धोटा यांस,

दिवाळीचा अंक मिळाला. नवा ताणा चढवतो आहे. बीमात घालायच्या आधी वाचला.

दुसऱ्या पानावरचा दमट हवेचा मजकूर साफ चूक आहे. हवेचा काही दोष नव्हता. मी जोरातच ठोकत होतो, आणि लुगडं तसंच टिकतं. दुरुस्ती छापावी.

मोहियोद्दीन मोमीन,
वाचक